ऐंशीव्या मिनिटाचा पास

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुण्याच्या बाजूने जिथे सुरू होतो, त्याच परिसरात देहूरोडला लागून मामुर्डी आहे. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या या गावात पुणे एफसी या क्लबची निवासी फुटबॉल अकादमी होती. २००७ मध्ये उभा राहिलेला हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये देशात दुसरा आला. केरळमधल्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन या अकादमीत घडला आणि पुढे भारताकडून खेळला.

अशा अकादमीत मुलं वर्षानुवर्षं नेमकं काय शिकतात? ‘आपल्या पोरांच्या पायात कला आहे, दम तेवढा कमी पडतो,’ हे वाक्य कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरही ऐकू येतं आणि भोसरी-मोशीच्या टर्फवरही. त्यात कला आणि दम ही दोन वेगळी खाती धरलेली असतात. मला ही वाटणीच चुकीची वाटते, आणि गेल्या पन्नास वर्षांतलं संशोधनही तेच सांगतं.

१९७६ मध्ये टॉमस रायली यांनी इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबच्या खेळाडूंच्या हालचाली मोजून प्रसिद्ध केल्या. एक खेळाडू सामन्यात सरासरी पावणेनऊ किलोमीटरच्या आसपास अंतर कापत होता. आजचे व्यावसायिक खेळाडू दहा ते बारा किलोमीटर कापतात. पण त्या अभ्यासातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच आहे: कापलेल्या एकूण अंतरापैकी दोन टक्क्यांहूनही कमी अंतर चेंडू पायात असताना कापलं जात होतं. बाकी सगळं चालणं, हळू धावणं, वळणं, मागे येणं आणि साधारण दर दीड मिनिटाला एक छोटी जोरदार धाव. हृदयाचे ठोके सामनाभर कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान राहतात. म्हणजे चेंडू मिळतो तो क्षणभर, आणि तोही धाप लागलेली असताना.

त्या क्षणी पाय काय करतो ते जवळून पाहू. नियमानुसार चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. समजा तो ताशी ५४ किलोमीटर वेगाने येतोय. पाय ताठ ठेवला, तर तो एक-दोन सेंटिमीटरमध्ये अडतो आणि टणकन उडून प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात, तसा पाय स्पर्शाच्या क्षणी मागे घेतला आणि थांबायला दोनऐवजी वीस सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी बल दहापट कमी होतं. चेंडू पायाशीच राहतो. यालाच खेळाडू ‘पहिला टच’ म्हणतात. पण पाय योग्य क्षणी मागे यायला टेकलेल्या पायाचा गुडघा वाकलेला हवा, कंबर स्थिर हवी, घोटा सैल हवा. ही सगळी कामं स्नायूंची आहेत, आणि स्नायू थकतात.

किती थकतात? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामन्यानंतर खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले होते. जवळपास निम्म्या तंतूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, पूर्ण किंवा जवळजवळ संपलेला होता. प्रश्न एवढाच उरतो, की याचा पासवर परिणाम होतो का.

त्यासाठी लफबरो विद्यापीठात एक चाचणी तयार झाली. चौकोनाच्या चार बाजूंना फळ्या, त्यांवर वेगवेगळ्या रंगांची लक्ष्यं. परीक्षक रंग ओरडतो, खेळाडू त्या दिशेला पास मारतो, परत आलेला चेंडू अडवतो, वळतो, पुढचा रंग ऐकतो. असे सोळा पास. नेम चुकला, चेंडू आखलेल्या जागेबाहेर गेला, की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. इटलीत एर्मान्नो रँपिनीनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण खेळाडूंची हीच चाचणी सामन्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर घेतली. दमल्यावर पास बिघडले. मात्र ज्यांचा दमसास चांगला होता, त्यांचे कमी बिघडले.

या एका निष्कर्षासाठी मी हा लेख लिहितो आहे. व्यावसायिक खेळाडूचा पहिल्या मिनिटाचा पास आणि चांगल्या हौशी खेळाडूचा पहिल्या मिनिटाचा पास यांत फार अंतर नसेलही. अंतर दिसतं ते ऐंशीव्या मिनिटाला.

तो दमसास मोजायला क्लब सहसा यो-यो चाचणी वापरतात. कोपनहेगनचे येन्स बँग्सबो यांनी ती रूढ केली. वीस मीटरवर दोन शंकू. बीप वाजली की जायचं, वळायचं, पुढच्या बीपच्या आत परतायचं. मग दहा सेकंद विश्रांती आणि पुन्हा धाव. बीपमधलं अंतर कमी कमी होत जातं. सलग धावण्याची क्षमता इथे पुरेशी नाही, दहा सेकंदांत किती सावरता हे दिसतं. म्हणूनच रोज सकाळी एकाच संथ गतीने मैदानाला दहा चकरा मारायला लावणारे प्रशिक्षक मुलांचा वेळ वाया घालवतात, असं मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं. छोट्या मैदानात तीनास तीन, चारास चार खेळवलं तर ठोके तितकेच चढतात आणि पायात चेंडूही राहतो.

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. चाकणमध्ये रात्रपाळी करून किंवा आठवडाभर संगणकासमोर बसून रविवारी थेट टर्फवर उतरणारे हजारो आहेत. मांडीमागचा स्नायू, घोटा, गुडघा हे तिथेच जातात. फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार करून घेतला: आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, दोन मिनिटं वेगाने धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली. व्यायाम करणाऱ्या गटात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यातल्या एका व्यायामाला तर फक्त एक जोडीदार पुरेसा: गुडघ्यांवर बसायचं, त्याने घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं. मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच बळकट होतो.

हे सगळं रुजायला सलग वर्षं लागतात, आणि नेमकं तेच आपल्याकडे मोडलं. कल्याणी समूहाचा भारत एफसी बालेवाडीत एकच हंगाम खेळून २०१५ मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा मुख्य संघही त्याच सुमारास संपला. अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, तर २०१९ मध्ये तोही क्लब गेला. बारा वर्षांच्या मुलाचा पहिला टच अठराव्या वर्षी पक्का व्हायचा असेल, तर मधली सहा वर्षं कुणीतरी त्याच्यासोबत असावं लागतं.

क्लब कधी परत येतील ते आपल्या हातात नाही. पण रावेत, वाकड, मोशीत मुलं फुटबॉलच्या शिकवणीला जाताहेतच. पालकांनी फी भरताना प्रशिक्षकांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: वॉर्म-अपला वीस मिनिटं देता का? आणि मुलं दमल्यावर त्यांच्याकडून पासचा सराव करून घेता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते सुरू करायला सांगा. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.