किनारा दिसला म्हणजे सुटका नव्हे

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या निवतो, असं कोकणात मानलं जातं. त्या सुमारास मोसमी वाऱ्याचा जोर ओसरतो, एवढं खरं. पण अरबी समुद्रात चक्रीवादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, म्हणजे ऐन मासेमारीत. 'फयान' वादळ आलं 11 नोव्हेंबर 2009 रोजी. 2017च्या डिसेंबरात 'ओखी'ने भरकटवलेल्या केरळ-तमिळनाडूच्या शेकडो खलाशांना देवगड बंदराने आसरा दिला. 2019च्या ऑक्टोबरातलं 'क्यार' तर कोकणाला न शिवता ओमानच्या दिशेने गेलं, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गचा किनारा झोडपला.

आभाळ निरभ्र असलं की धोका नाही, हाही असाच समज. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापत इथवर येतात, तेव्हा इथे वाऱ्याचा मागमूसही नसतो. मे 2024च्या सुरुवातीला समुद्राच्या स्थितीचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेने अशाच लाटांचा इशारा महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही दिला होता.

सगळ्यांत घातक समज मात्र किनाऱ्याबद्दलचा आहे. वारा वाढला की लहान होडीचा तांडेल खाडीकडे वळतो. घर समोर दिसत असतं. पण खाडीच्या तोंडाशी गाळाने तळ वर आलेला असतो. खोल पाण्यात नुसती डोलवणारी लाट तिथे उंचावते आणि फुटते. त्यातच ओहोटीचा ओढा समोरून बाहेर येत असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. मागून आलेली लाट होडीचा मागचा भाग उचलते, होडी आडवी फिरते आणि पुढची लाट तिला उलटवते. त्यामुळे होडी धड असेल आणि इंधन पुरेसं असेल, तर खोल पाण्यात थांबून भरती लागण्याची वाट पाहणं अनेकदा जास्त सुरक्षित ठरतं. थांबताना होडीचं तोंड लाटेकडे, किंचित तिरकं हवं. नांगर पुढूनच टाकावा. मागून टाकला तर लाट थेट आत येते.

इंजिन दमदार असलं की वाऱ्याला भ्यायचं कारण नाही, असंही बोललं जातं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे त्या हिशेबात धरलेलंच नसतं.

पट्टीच्या पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट कशाला? कारण खवळलेल्या पाण्यात माणूस आधी दमतो. उलटलेली होडी तरंगत असेल तर तिला धरून राहावं. शोधणाऱ्यांना डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

किनारा काही किलोमीटर मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. तिथे व्हीएचएफ संचाचं 16 नंबरचं चॅनल कामाला येतं, किंवा उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र. घरच्यांनीही होडी ठरल्या वेळी परतली नाही, तर सकाळपर्यंत वाट पाहत बसू नये. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक लगेच फिरवावा.