नोरी : शिंपल्यात दडलेले बीज

पेरणीच्या वेळी बी कोठून आणायचे, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. जपानच्या किनाऱ्यावर मात्र सुमारे तीनशे वर्षे एक पीक असे घेतले जात होते, की ज्याचे बी कोणी ओळखलेच नव्हते. हे पीक म्हणजे 'नोरी' हे तांबडे शैवल. भाताचे मुटके गुंडाळण्यासाठी जपानी लोक कागदासारखे जे काळपट पापुद्रे वापरतात, ते या शैवलाचेच.

प्रथम त्याच्या रंगाकडे पाहू. या शैवलात हरितद्रव्य असतेच. परंतु सोबत फायकोएरिथ्रिन हे तांबडे रंगद्रव्यही असते. सूर्यप्रकाशातील तांबडे किरण पाण्यात लवकर शोषले जातात, तर निळे-हिरवे किरण अधिक खोल पोचतात. नेमके हेच किरण फायकोएरिथ्रिन टिपते आणि त्यांची ऊर्जा हरितद्रव्याला पुरवते. नोरीचा पापुद्रा भाजला, की उष्णतेने तांबडे रंगद्रव्य नष्ट होते, हरितद्रव्य टिकते आणि पापुद्रा हिरवा दिसू लागतो.

नोरीला मुळे, खोड, पाने नसतात. तिची पातळ पात हिवाळ्यात वाढते आणि उन्हाळ्यात नाहीशी होते. मग शरद ऋतूत ती पुन्हा येते कोठून? जपानी शेतकरी उथळ खाडीत बांबू व फांद्या रोवून वाट पाहत. उगवली तर उगवली! म्हणूनच तिला 'जुगाऱ्याचे गवत' म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पीक बुडू लागले, तेव्हा पुन्हा पेरण्यासाठी हाताशी बी नव्हते.

उत्तर मिळाले इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर या मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत. विवाहित स्त्रियांना नोकरीत न ठेवण्याच्या तेथील नियमामुळे 1928 साली विवाहानंतर त्यांचे अध्यापन थांबले, संशोधन मात्र चालू राहिले. वेल्समध्ये नोरीच्याच कुळातील एक शैवल शिजवून खातात. त्या शैवलाची बीजुके, म्हणजे बियांसारखे काम करणाऱ्या सूक्ष्म पेशी, त्यांनी प्रयोगशाळेत वाढवून पाहिली. शिंपला मिळताच ही बीजुके त्यात शिरली आणि आत गुलाबी तंतू वाढू लागले! असे तंतू वनस्पतिशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते. पण 'काँकोसेलिस' या नावाची ती एक निराळीच वनस्पती समजली जात होती. दोन्ही एकाच सजीवाची रूपे आहेत, हे ड्र्यू-बेकर यांनी 1949 साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले.

यामुळे नोरीचे जीवनचक्र उलगडले. पातीपासून लैंगिक प्रजननाने तयार झालेली बीजुके शिंपल्यात शिरतात. तेथे तंतूंच्या रूपात उन्हाळा काढतात. पाणी गार झाले व दिवस लहान झाले, की तंतूंपासून दुसऱ्या प्रकारची बीजुके सुटतात आणि खडकांवर चिकटून त्यांच्या पाती होतात. पातीच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तंतूंच्या पेशींत दोन. नेचे आणि शेवाळी यांच्या पिढ्यांचे एकांतरण शिकवताना हे उदाहरणही देता येईल.

जपानी संशोधकांनी हे ज्ञान लगेच उपयोगात आणले. कालवांच्या शिंपल्यांत, टाक्यांमध्ये तंतू वाढवायचे. शरद ऋतूत सुटणारी बीजुके जाळ्यांवर धरायची आणि जाळी समुद्रात ताणायची. ओहोटीच्या वेळी जाळी उघडी पडू देतात. नोरी कोरडेपणा सोसते, तिच्याशी स्पर्धा करणारी इतर शैवले मरतात. कापलेल्या पाती बारीक चिरून, चौकटीत पसरून वाळवल्या, की सुमारे 3 ग्रॅमचा पापुद्रा तयार होतो. वाळवलेल्या नोरीत सुमारे 30 ते 40 टक्के प्रथिने असतात; पण एका पापुद्र्यातून मिळते ते जेमतेम 1 ग्रॅम, हेही ध्यानात ठेवावे.

बी हाती आले म्हणजे निसर्गाची साथ लागत नाही असे नव्हे. 2022-23 च्या हंगामात आरिआके समुद्रात पोषकद्रव्ये कमी पडल्याने पीक फार घटले.

ड्र्यू-बेकर 1957 साली वारल्या. त्या जपानला कधीच गेल्या नव्हत्या. तरीही उतो येथे 1963 साली उभारलेल्या त्यांच्या स्मारकापाशी दरवर्षी 14 एप्रिलला नोरी पिकवणारे लोक जमतात.

कोकण-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरही नोरीची एक नातलग पावसाळ्यात उगवते आणि पुढे दिसेनाशी होते. उरलेले महिने ती कोठे असेल, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. लाटा शांत झाल्यावर विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर न्यावे, रिकामे शिंपले गोळा करून भिंगाखाली त्यांवरील गुलाबी डाग शोधावेत. प्रत्येक डाग नोरीचाच नसेल. पण तो कशाचा, हे विचारण्यापासूनच शोध सुरू होतो.