खाली मासे, वर मेथी : पिंप्राळ्याच्या उन्हात ॲक्वापोनिक्स टिकेल का?

खाली माशांची टाकी, वर हिरवीगार पालेभाजी आणि 'ना माती, ना खत, घरबसल्या लाखोंची कमाई' असं कॅप्शन. असे रील्स सध्या भरपूर फिरतायत. या प्रकाराला म्हणतात ॲक्वापोनिक्स. आता जळगावच्या पिंप्राळ्यात, म्हणजे आषाढीच्या रथासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात, कुणी हे करायचं ठरवलं तर जमेल का?

आधी हे चालतं कसं ते बघू.

मासे खाद्य खातात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. अमोनिया साठला की मासे मरतात. पण टाकीत आणि खडीत वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे झाडांचं खाणं. पंप हे पाणी वाफ्यात चढवतो, मुळं त्यातलं नायट्रेट शोषतात आणि बरंचसं स्वच्छ झालेलं पाणी परत माशांकडे येतं. थोडक्यात, विकत आणायचं ते माशांचं खाद्य, आणि त्यातच भाजीचं बरंचसं खत आलं. लोह मात्र कमी पडतं, ते वरून द्यावं लागतं.

ही कल्पना नवी नाही. भाताच्या खाचरात मासे सोडायची पद्धत चीनमध्ये फार जुनी आहे. आजच्या पद्धतीला आकार दिला तो व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठातल्या जेम्स रॅकोसी यांच्या प्रयोगांनी. आपल्याकडे कोल्हापूरजवळ तळसंदे इथे 'लँडक्राफ्ट ॲग्रो'ने व्यावसायिक ॲक्वापोनिक्स शेती उभी केली.

खान्देशात याचं आकर्षण वाटण्याचं मुख्य कारण पाणी. तेच पाणी फिरत राहतं, त्यामुळे रोज साधारण १ ते ३ टक्केच नवं भरावं लागतं. १,००० लिटरच्या टाकीला १० ते ३० लिटर, म्हणजे एक-दोन बादल्या. मे महिन्यात बाष्पीभवनामुळे जास्त लागेल, पण वाफ्यातल्या भाजीपेक्षा हा हिशोब बराच बरा. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. त्यातलं क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना मारतं. दिवसभर उघड्या पिंपात ठेवून मगच टाकायचं.

रील्समध्ये न सांगितलेल्या गोष्टी इथून पुढे सुरू होतात.

पहिली गोष्ट वजनाची. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन. ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोचा भार धरून बांधतात. इंजिनिअरला न विचारता एवढी टाकी गच्चीवर ठेवणं म्हणजे घराशी खेळ. त्यापेक्षा अंगणात, निंबाच्या सावलीत जागा काढलेली बरी.

दुसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ऊन. जळगावचा पारा उन्हाळ्यात ४४-४५ अंशांवर जातो. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. त्यात गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो आणि ३४ अंशांच्या वर जिवाणूंचं कामही मंदावतं. म्हणजे तिन्ही संकटं एकदमच येतात. अशात दुपारी लाइट गेली आणि पंप थांबला, तर दाटीने भरलेल्या टाकीतले मासे काही तासांतच पोट वर करून तरंगू शकतात. म्हणून शेडनेट आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप हा खर्च टाळता येत नाही. पाणी वाचतं, पण विजेवरचं अवलंबन वाढतं. हा सौदा समजून घेऊनच यात उतरायला हवं.

आणि हो, भाजीवर मावा पडला म्हणून कीटकनाशक मारायचं नाही. ते पाण्यात उतरलं तर मासे गेलेच. साबणाच्या पाण्याचंही तेच.

मग लाखोंच्या कमाईचं काय? जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या ॲक्वापोनिक्सवर सविस्तर पुस्तिका काढली. तिच्या हिशोबाने १,००० लिटरला २० किलोपेक्षा जास्त मासे ठेवू नयेत. त्यांना दिवसाला २०० ग्रॅम खाद्य धरलं, तर त्यावर जेमतेम ४ चौरस मीटर पालेभाजी पोसली जाते. म्हणजे घरची मेथी, पालक, पुदिना आणि अधूनमधून कालवण. भरताची वांगी लावायची तर त्याच जागेला आणखी खाद्य, म्हणजे आणखी मासे लागतात. ती आसोद्याच्या काळ्या मातीतूनच आलेली बरी.

मासे म्हणून रोहू, कटला चालतात. तिलापिया जास्त काटक, पण त्याच्या पालनाला सरकारी परवानगी लागते. आफ्रिकन मांगूरवर तर बंदीच आहे.

सुरुवात उन्हाळ्यात करू नये. जिवाणू जमायलाच २५ ते ४० दिवस लागतात, तोवर मोजकेच मासे आणि कमी खाद्य. ऑक्टोबरात टाकी भरली तर हिवाळाभर पालेभाजी मिळते. मार्चअखेर मोठे मासे काढून ताटात घ्यायचे आणि मेच्या उन्हाला टाकीत थोडेच ठेवायचे.