ओटा फोडण्याआधी गॅस, वीज, पाणी

लग्नसराई जवळ आली की भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील गवंडी, फरशीवाले व वायरमन यांच्याकडे स्वयंपाकघराची कामे वाढतात. कडप्प्याचा जुना ओटा काढून ग्रॅनाइट बसवायचे असते. घरमालकाला घाई असते आणि कारागीर आल्याबरोबर छन्नी-हातोडा हाती घेतो. अपघात बहुधा इथेच होतात.

सुरुवात गॅसपासून करावी. रेग्युलेटर बंद करून शेगडी पेटती ठेवावी, म्हणजे नळीतला उरलेला गॅस जळून जातो. मग शेगडीची बटणे बंद करून रेग्युलेटर काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेले टोपण घट्ट दाबून बसवावे. ते टोपण पुष्कळ घरांत हरवलेले असते. सिलिंडर उभाच, हवेशीर जागी ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खोलगट भागात साचतो, म्हणून जिन्याखालची कोंदट जागा नको. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू नाही आणि बंदही नाही. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.

विजेच्या बाबतीत मेन स्विच पाडला की काम झाले, असा समज आहे. तो धोक्याचा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर तोच सुरू होतो आणि भिंतीतल्या तारा जिवंत राहतात. तेव्हा इन्व्हर्टरही बंद करून त्याची घराकडे जाणारी तार वायरमनकडून सोडवून घ्यावी. टेस्टर आधी चालू प्लगात लावून पाहावा, मगच बंद केलेल्या जागी. बिघडलेला टेस्टर करंट असूनही पेटत नाही. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार मेन बंद केल्यानेही बंद होत नाही. ती फोडायच्या भिंतीवर असेल, तर मीटर हलविण्यासाठी घरमालकाने महावितरणकडे अर्ज करावा. मीटरचे सील कारागिराने तोडू नये. तो गुन्हा ठरू शकतो.

जुन्या घरांत आणखी एक भानगड आढळते. अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. प्लंबर तो पाइप कापून प्लास्टिकचा टाकतो आणि घराचे अर्थिंग नाहीसे होते. कोणाला पत्ताही लागत नाही. मग फ्रीज किंवा गीझरच्या पत्र्याला झटका बसतो. पाइप कापण्याआधी ती तार शोधून वायरमनला दाखवावी व स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे.

पाण्याचे काम सोपे आहे. टाकीचा वॉल्व्ह बंद करून खालचे नळ उघडावे, पाइप रिकामा झाला की त्याच्या तोंडाला प्लग लावावा. मोरीचे तोंड मलबा जाऊ नये म्हणून बंद करावे. फ्रीज उभाच न्यावा. आडवा न्यावा लागला तर उभा करून काही तास थांबल्यावर सुरू करावा.

ही काढण्या-जोडण्याची मजुरी एस्टिमेटमध्ये वेगळी लिहिलेली बरी. नाहीतर ती ‘किरकोळ’ म्हणून गवंड्याच्या माथी येते आणि तो न येणारे काम उरकून टाकतो.

परत जोडताना नळी पाच वर्षांहून जुनी असेल तर बदलावी, आय.एस.आय. छापाचीच घ्यावी. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून कधीच पाहू नये.