लिमासोलचा वाइन महोत्सव: द्राक्षाच्या रसातून काय काय होते?

सायप्रस बेटावरील लिमासोल शहरात 1961 पासून द्राक्षकाढणीच्या सुमारास, उन्हाळा संपता संपता, वाइन महोत्सव भरतो. जागा शहराच्या सार्वजनिक बागेची. प्रवेशद्वाराजवळ वऱ्याका म्हणजे काळी, ढगळ विजार घातलेल्या द्राक्ष बागायतदाराचा उंच पुतळा असतो. आत ग्रीक नाच-गाणी चालतात, लोक द्राक्षे पायांनी तुडवतात, आणि तिकीट काढून आलेल्यांना वाइन चाखायला मिळते. स्थानिक वाइनचा खप वाढावा हा त्यामागचा उघड हेतू.

शेतकऱ्याने मात्र वाइनपेक्षा शेजारच्या कढईकडे पाहावे. तिथे पालुझे शिजत असते. ताज्या द्राक्षरसात पारंपरिक पद्धतीने थोडी पांढरी चुनखडीयुक्त माती घालून तो उकळतात, फेस काढतात आणि थंड होऊ देतात. गाळ तळाशी बसतो, वरचा रस नितळ होतो. या रसात पीठ मिसळून आटवले की खिरीसारखा घट्ट पालुझे तयार. बदाम किंवा अक्रोड दोऱ्यात ओवून ही माळ पालुझेत पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की सुजुकोस होतो. नुसता रस आटवला तर एप्सिमा, म्हणजे आपल्या काकवीसारखा पाक.

माती कशासाठी? हिशोब करून पाहा. 20 ब्रिक्सच्या 100 किलो रसात सुमारे 20 किलो विद्राव्य घटक, मुख्यतः साखर असते. तो 70 ब्रिक्सपर्यंत आटवला की साधारण 28 ते 29 किलो पाक उरतो. गोडी साडेतीन पट होते, तशी आंबटही जवळपास तेवढीच वाढते. चुनखडी हे आम्ल कमी करते. आपल्याकडे कोणी शेतातली माती किंवा बांधकामाचा चुना टाकू नये. गरज पडली तर खाद्य दर्जाचे कॅल्शियम कार्बोनेट, तेही अन्न प्रक्रिया तज्ज्ञाला विचारून.

हाच नियम कीडनाशकांच्या अंशालाही लागू होतो. उष्णतेने नष्ट न होणारा अंश आटवताना रसाबरोबर घट्ट होतो. म्हणून फवारणी व काढणीतील अंतर पाळलेलाच माल वापरा. बाजारात नाकारलेली द्राक्षे म्हणजे चालेल ती द्राक्षे, असे नाही: मणी लहान, रंग असमान चालेल, कुजलेला, बुरशी लागलेला घड अजिबात नको.

सायप्रसची प्रसिद्ध गोड वाइन कमांडारिया ही त्रूदोस डोंगराच्या दक्षिण उतारावरील 14 गावांतच बनते. शिनिस्तेरी आणि माव्रो या वाणांची द्राक्षे उन्हात वाळवून, साखर वाढवून मग आंबवतात, आणि वाइन किमान 2 वर्षे ओकच्या पिंपात मुरते. तिथे त्या काळात पाऊस जवळजवळ नसतो, म्हणून उघड्यावर वाळवणे जमते. आपल्या सांगली-नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी येतो. बेदाण्यासाठी शेड आणि जाळ्यांचे रॅक हीच आपली योग्य पद्धत. तिथले पाहून माल उघड्या जमिनीवर पसरू नका.

भाव पडलेल्या हंगामात पाकाचा प्रयोग करायचा तर आधी 20 ते 25 किलो द्राक्षांवर करा. थॉमसन, माणिक चमनसारखी बिनबियांची द्राक्षे चालतील. गडद रंगाचा रस हवा असेल तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा मांजरी मेडिका हा खास रसासाठीचा वाण आहे. रस काढला त्याच दिवशी उकळा, उन्हाळ्यात रात्रभर ठेवला तर आंबायला लागतो. भांडे स्टीलचे घ्या. तांबे-लोखंडाशी आंबट रसाची प्रक्रिया होते. विक्रीसाठी अन्न सुरक्षा नोंदणी आवश्यक आहे. वाइनला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो वेगळा आणि बराच मोठा विषय आहे.

पहिल्या घाणीला जळण, मजुरी आणि बाटली धरून किलोमागे खर्च लिहून काढा. तो आकडा आणि त्याच दिवशीचा बेदाण्याचा भाव शेजारी ठेवूनच पुढच्या घाणीचे ठरवा. एका किलो बेदाण्याला साधारण 4 किलो द्राक्षे लागतात, हेही त्यात धरा.