कापूस जळगावचा, भाव न्यूयॉर्कचा

जळगावच्या बाजारात रुईच्या खंडीचा भाव काढायचा तर व्यापारी आधी न्यूयॉर्कचा वायदा काय म्हणतो ते पाहतो. कापूस खानदेशचा, घाम इथल्या शेतकऱ्याचा, मग भाव साता समुद्रापलीकडचा का? कापडाच्या धंद्यात आमची हयात गेली, तरी या सवालाचा नीट जबाब आम्हाला उशिराच सापडला.

देशादेशांच्या संबंधांवरची बहुतेक पुस्तके जगाला राष्ट्रांचा आखाडा समजतात. कोणाची फौज मोठी, कोणाचा कोणाशी तह, एवढाच हिशेब. अमेरिकेचे समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टाईन (१९३०-२०१९) यांनी १९७४ साली निराळी मांडणी केली. त्यांच्या मते सुटे सुटे देश पाहून भागत नाही. सोळाव्या शतकापासून वाढत आलेली एकच जागतिक बाजारव्यवस्था आहे आणि तिच्यात कामाची वाटणी झालेली आहे. गाभ्यातल्या देशांकडे जादा नफ्याची कामे, परिघावरच्यांकडे कच्चा माल व स्वस्त मजुरी. मधल्या पायरीवरचे देश थोडे हे, थोडे ते करतात.

खानदेशने हे भोगले आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईत भाव कडाडले, खानदेशात कपाशीचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. लढाई कोणाची आणि नुकसान कोणाचे!

देशाच्या आतही हाच हिशेब दिसतो. धुळे-मालेगावच्या यंत्रमागवाल्याला सूत गिरणीच्या भावाने घ्यावे लागते आणि कापड घेणाऱ्याच्या भावाने द्यावे लागते. मालेगावचे पुष्कळ कोरे कापड रंगाईसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याला जाते. रंग चढला की किंमत चढते, पण तो नफा मागवाल्याच्या घरी येत नाही.

टीकाकार म्हणतात, ही मांडणी सरकारी धोरणाला आणि माणसाच्या हिकमतीला कमी लेखते. ते आम्हालाही पटते. दक्षिण कोरिया कापड विकता विकता जहाजे आणि मोटारींपर्यंत चढला, म्हणजे पायरी बदलता येते. मात्र ते एकट्याचे काम नाही. चार मागवाल्यांनी मिळून सूत घ्यावे, रंगाई-शिलाई आपल्या गावात आणावी. आणि प्रत्येकाने आपल्या वहीला विचारावे : माल आमच्या हातून गेल्यावर कोणत्या कामाने महाग होतो? ते काम आमच्याकडे का नाही?