उलट वाचली तरी तीच : कापरेकरांची ‘डेम्लो’ संख्या आणि दहाव्या पायरीचा धडा

नाशिक : ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य शेवटाकडून वाचले तरी तेच राहते. संख्यांमध्येही हा गुण आढळतो. अशा संख्यांना पॅलिंड्रोम किंवा विलोम संख्या म्हणतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या त्यांपैकीच एक असून, ती १११११११११ या संख्येचा वर्ग आहे.

या प्रकारच्या वर्गांचा अभ्यास देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केला. १९०५ मध्ये डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांना ही कल्पना तत्कालीन जीआयपी रेल्वेवरील आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली. त्या स्थानकावरूनच त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले.

या रचनेचे कारण शालेय गुणाकारात दडलेले आहे. १११ ला १११ ने गुणताना तीच संख्या एकेक घर डावीकडे सरकवून तीनदा मांडावी लागते. उभ्या स्तंभांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक असे एकक जमतात आणि उत्तर १२३२१ येते. नऊ एकांच्या बाबतीत मधल्या स्तंभात नऊ एकक जमतात. हातचा कोठेही येत नाही, म्हणून सममिती टिकते.

या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ आहे. तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ हे असून, ३ चार वेळा आणि उरलेले दोन प्रत्येकी दोनदा येतात. त्यामुळे तिला एकूण ४५ विभाजक आहेत. विभाजकांची विषम संख्या हे पूर्ण वर्गाचे लक्षणच होय. विलोम संख्येतील अंक सम असतील, तर तिला ११ ने निःशेष भाग जातो. कारण तिच्यातील प्रत्येक अंक एकदा सम आणि एकदा विषम स्थानी येतो. येथे अंक सतरा असल्याने हा नियम लागू होत नाही. ११ ने भागल्यास बाकी १ उरते.

मात्र दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात दहा एकक जमतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. ते उलट वाचल्यास जुळत नाही. सलग नऊ उदाहरणांत खरा ठरलेला नियम दहाव्यात मोडतो. उदाहरणे कितीही जमवली तरी ती सिद्धतेची जागा घेऊ शकत नाहीत, हे यातून स्पष्ट होते.

अशा संख्यांचे आकर्षण भारतात जुने आहे. नवव्या शतकातील गणिती महावीराचार्य यांच्या ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आढळते. ती ११११११ या सहा अंकी संख्येचा वर्ग होय.

कापरेकरांच्या कामाकडे दीर्घकाळ निव्वळ करमणूक म्हणून पाहिले गेले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर ते जगभर परिचित झाले. आज ६१७४ हा अंक ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. त्यांच्या डेम्लो संख्या पडताळण्यासाठी मात्र आजही कागद, पेन्सिल आणि शाळेत शिकवला जाणारा गुणाकार एवढेच पुरेसे आहे.